टॅम्पॉन अडकतो तेव्हा: पॅडवर राहावं की छोटी शस्त्रक्रिया करून घ्यावी?

बडोद्यात पाळी आणि नवरात्र एकत्र आली की पॅडचा खरा कस लागतो. घेरदार चणियाचोळी, मध्यरात्रीपर्यंत गोल फिरणं, मैदानावरच्या बाथरूमसमोरची रांग आणि घरी आल्यावर मांड्यांची सोललेली कातडी. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या आम्हा मराठी घरांतल्या मुलीही गरब्याला तितक्याच हौसेनं उतरतात, आणि त्यांतल्या काही म्हणूनच टॅम्पॉनकडे, म्हणजे योनीत बसवायच्या कापसाच्या सुरळीकडे वळतात. एखादीला तो जमतच नाही. तिच्यापुढे दोन वाटा असतात: टॅम्पॉनचा नाद सोडून पॅड किंवा पिरियड पँटीवर (रक्त शोषणाऱ्या निकरवर) राहायचं, नाहीतर अडथळा काढून घ्यायचा. मी दुसरी वाट धरली.

आधी अडथळा आहे का, ते बघा. बहुतेक जणींचं कारण साधं असतं. भीतीनं स्नायू आवळलेले असतात, टॅम्पॉन सरळ वर ढकलला जातो (तो कमरेच्या मागच्या बाजूला, तिरका जायला हवा), किंवा रक्तस्राव कमी असलेल्या दिवशी कोरडा कापूस ओढला जातो. हे सरावानं सुटतं, त्याला शस्त्रक्रिया लागत नाही.

योनिपटलाचीच, म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेल्या पातळ पडद्याची ठेवण वेगळी असेल तर गोष्ट निराळी. एरवी ते कडेनं कंगोऱ्यासारखं किंवा चंद्रकोरीसारखं असतं आणि मध्ये वाट मोकळी असते. काहींच्यात छिद्र अगदी बारीक असतं, काहींच्यात चाळणीसारखी अनेक छिद्रं असतात. अशा वेळी टॅम्पॉन आत जातच नाही. काहींच्यात मधोमध एक उभी पट्टी असते आणि एका वाटेच्या दोन होतात. छिद्रच नसेल तर रक्त बाहेर येत नाही. वयात आलेल्या मुलीला पाळी सुरूच झालेली नाही आणि दर महिन्याला ओटीपोटात कळा येतात, तर तिथे तुलना करत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

माझी पट्टी होती. पट्टीची अडचण फसवी असते, कारण टॅम्पॉन आत जाताना काहीच वाटत नाही. तो बारीक आणि कोरडा असतो, पट्टीच्या एका बाजूनं सहज सरकतो. काढताना तो फुगलेला असतो. दोरी ओढली की पट्टी ताणली जाते, जळजळतं, आणि ओढावं तितकं आपलंच अंग आणखी आवळतं. बाथरूमचं दार लावून घामाघूम होऊन बसणं मी सोसलं असतं. पण पुढच्या पाळीत टॅम्पॉन हातात घेतला की तो निघेल ना, हाच विचार आधी यायचा. ज्या वस्तूनं मोकळं वाटायला हवं तिचाच धाक बसला. माझ्यापुरता निर्णय इथेच झाला. आत घालायला त्रास झाला असता तर बहुधा मी पॅडवर समाधान मानलं असतं.

असा अडकला तर झटका देऊन ओढू नका आणि कात्री तर मुळीच नको. उकिडवं बसा, श्वास सोडत अंग सैल करा, धुतलेल्या बोटानं पट्टी बाजूला सारून हळू काढा. नाही निघाला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. टॅम्पॉन आठ तासांपेक्षा जास्त आत राहू नये. टॉक्सिक शॉक सिंड्रोम हा जंतूंच्या विषानं होणारा आजार क्वचित होतो, पण जिवावर बेतू शकतो.

पहिल्या वाटेची बाजू कमजोर नाही. पट्टी हा रोग नाही. पाळीत पोहायचं नसेल, गरबा तासाभराचा असेल, तर चांगली पिरियड पँटी पुरते आणि कुणाला काही सांगावं लागत नाही. मेन्स्ट्रुअल कप (रक्त साठवणारा, आत बसवायचा मऊ पेला) हा मात्र मला पर्याय वाटला नाही. तो टॅम्पॉनपेक्षा रुंद, पट्टी त्यालाही आडवी येणारच.

शस्त्रक्रियेचं ओझं वाटतं तेवढं नाही. तपासणी बहुतेक वेळा नुसती बघून होते. पट्टी पुढेच आहे की आत योनिमार्गात पडदा आहे, एवढी खात्री डॉक्टरांनी करायलाच हवी, कारण आतल्या पडद्याबरोबर कधी कधी गर्भाशयाची किंवा मूत्रपिंडाची ठेवणही वेगळी निघते. नुसती पट्टी असेल तर ती कापतात, लागले तर विरघळणारे टाके घालतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. मला पहिले काही दिवस लघवीला झोंबलं, कोमट पाण्यात बसून बरं वाटलं.

घरात प्रश्न येतो तो वेगळाच. माझ्या आईनंही विचारलं, “लग्नाआधी कशाला हात लावायचा?” तिची काळजी खरी होती, म्हणून मी तिला डॉक्टरांसमोरच बसवलं. योनिपटल बघून कौमार्य कळत नाही, हे त्यांनी तिला शांतपणे समजावलं. सर्वोच्च न्यायालयानंही ऑक्टोबर २०२२ मध्ये बलात्काराच्या तपासातली ‘टू फिंगर टेस्ट’ (योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी) अशास्त्रीय ठरवून ती करणं हे गैरवर्तन मानलं जाईल असं सांगितलं आहे. शिवाय १८ वर्षं पूर्ण असतील तर संमती तुमची स्वतःची.

तुमची पट्टी त्रास देत नसेल तर तिला हात लावू नका, असंच मी म्हणेन. पण काढतानाचा तो धाक ओळखीचा वाटत असेल, तर माझा कल शस्त्रक्रियेकडे आहे. तारीख पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातली मागा, म्हणजे पुढची पाळी यायच्या आत जखम बरीचशी भरलेली असते. ती पाळी पॅडवरच काढा आणि डॉक्टर हो म्हणाले की सगळ्यात बारीक टॅम्पॉनपासून, रक्तस्राव जास्त असलेल्या दिवशी सुरुवात करा. नवरात्र डोळ्यांसमोर असेल तर हे गणपतीच्या आधीच उरकलेलं बरं.