आठ महिने ऐकल्यावर: ‘द मामाज अँड द पापाज’ची पहिली एलपी

‘द मामाज अँड द पापाज’ म्हणजे साठच्या दशकातला अमेरिकन बँड, दोन पुरुष आणि दोन बायका असे चार गायक. त्यांची ही एलपी रोज नाही, पण आठवड्यातून तीनदा तरी लावली, म्हणून आता लिहिते.

प्रत १९६६ची, स्टिरिओ, जुनी. विकणाऱ्याने ‘एकदम स्वच्छ’ म्हणून दिली आणि दुसऱ्या बाजूच्या पहिल्याच गाण्यावर ओरखडा निघाला. नेमकं ‘कॅलिफोर्निया ड्रीमिन’! रेकॉर्ड पुसली, सुई बदलली, टकटक थोडी कमी झाली. वाईट वाटलं, पण परत करवली नाही.

सुरुवातीला ही माझी सकाळच्या चहाची रेकॉर्ड होती. कोवळ्या उन्हासारखे चार आवाज, डोक्याला ताप नाही. मग थंडीत एका रात्री हेडफोन लावून ऐकली आणि ‘कॅलिफोर्निया ड्रीमिन’ वेगळंच निघालं. मुळात ते न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात, १९६३ साली लिहिलेलं. बँडमधली मिशेल कॅलिफोर्नियाची, तिला घरची आठवण येत होती. चालही उदासच आहे. पुरुष ओळ म्हणतात आणि भजनात टाळकरी उचलतात तशी दोघीजणी तीच ओळ लगेच उचलतात, त्यामुळे ती उदासी एकट्याची राहत नाही. मधली बड शँकची बासरी तर मी नुसती तेवढीच कितीदा ऐकली असेल. आणि अगदी सुरुवातीला डाव्या कानात बॅरी मॅग्वायर या दुसऱ्या गायकाचा पुसटसा आवाज येतो: आधी त्याच्यासाठी ध्वनिमुद्रित केलेल्या ट्रॅकवरच यांनी आपले आवाज चढवले, त्याचा पुरता पुसला गेला नाही. तो सापडला त्या रात्री मला झोप आली नाही.

‘स्पॅनिश हार्लेम’सारखी उसनी, आधी दुसऱ्यांनी गायलेली गाणी मात्र भरतीची वाटतात. बँडमधल्या दुसऱ्या गायिकेचा, कॅसचा, भरदार आवाज तिथेही वाया जात नाही, एवढंच.

जून १९६७चा कॅलिफोर्नियातला माँटेरे पॉप महोत्सव बँडमधला जॉन फिलिप्स आणि यांचा निर्माता लू अ‍ॅडलर यांनी पुढाकार घेऊन उभा केला. १८ तारखेला दुपारी तिथे रविशंकर वाजवायला बसले, तबल्यावर अल्लारखाँ; रात्री महोत्सवाचा शेवट या चौघांनी केला. पुढच्याच वर्षी बँड फुटला. १९७४ला लंडनमध्ये कॅस गेली, अवघ्या ३२व्या वर्षी. हे कळल्यापासून पहिल्या बाजूवर तिचा आवाज लागला की मी हातातलं काम थांबवते.

जुनी प्रत घेणार असाल तर दुसरी बाजू दुकानातच वाजवून बघा, निदान बासरी संपेपर्यंत.