नोट्स बांधायच्या असतील तर दारव्ह्यातलं हे दुकान

दुकानाला पाटी नाही. "बाइंडिंगवाले काका" म्हणून विचारलं की कोणीही सांगतं.

वकिलीत मी नवीन. सीनियरकडे दोन वर्षं बसून वह्या भरल्या: धुऱ्याचे (शेताच्या बांधाचे) दावे, वाटणी, फेरफार, 1906च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखालची पांदण रस्त्याची, म्हणजे शेतात जायच्या वाटेची प्रकरणं. पावसाळ्यात वह्या फुगल्या, एकीला कसर लागली.

तेव्हाच लिचफिल्डबद्दल वाचलं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं हे गाव. टॅपिंग रीव्ह या वकिलानं तिथे 1774 साली आपल्या मेहुण्याला, एरन बरला, घरीच कायदा शिकवायला सुरुवात केली. शिकणाऱ्या पोरांची संख्या वाढली, तशी 1784मध्ये घराशेजारी एका खोलीची शाळा बांधली. पदवी मिळत नसे. रोजचं व्याख्यान उतरवायचं, मग शाईनं पुन्हा स्वच्छ लिहून काढायचं. 14 महिन्यांत पाच जाडजूड खंड भरायचे आणि तेच जन्मभर वकिलीत वापरायचे. एरन बर आणि जॉन कॅल्हून हे इथलेच दोघं पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाले. 1833मध्ये शाळा बंद पडली. पोरांच्या हातच्या वह्या मात्र अजून जपून ठेवलेल्या आहेत. हे वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या वह्या पिशवीत भरल्या.

काकांनी पहिली वही उघडली आणि म्हणाले, "पोरी, शिवाले जागा कुठी ठेवली तू?" मी डावीकडे समासच सोडला नव्हता. त्यांनी गंजलेल्या पिना एकेक करून काढल्या, पानांना आतून बोटभर कागदी पट्टी चिकटवली आणि मग दोऱ्यानं शिवलं. खळ मैद्याची, मोरचूद घातलेली, निळसर. पाठीला कापड, कोपऱ्यांना रेक्झिन. तीन खंड झाले. उघडला की टेबलावर सपाट राहतो. साक्षीदाराकडे बघत पान उलटता येतं, हे सुख स्पायरलमध्ये नाही.

1 जुलै 2024पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि कलमांचे आकडे बदलले, म्हणून त्या वहीत मध्ये मध्ये कोरी पानं घालायला सांगितली होती. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. एका खंडाला 180 रुपये पडले.

तक्रार एकच, पण मोठी. आठ दिवस सांगितले आणि अठरा लावले. तुरीच्या सोंगणीला त्यांचा मुलगा शेतात होता, हे मला कळतं. पण मधल्या कोर्टाच्या तारखेला मला नोट्सशिवाय उभं राहावं लागलं. पाठीवर सोनेरी अक्षरंही इथे होत नाहीत, नाव पेनानंच लिहून देतात.

तरी पुढच्या वह्या संक्रांतीनंतर इथेच देणार आहे. तुम्ही देणार असाल तर डावीकडे दोन बोटं जागा सोडून लिहा, आणि जवळ तारीख असेल तेव्हा वह्या देऊ नका.