लिननचा कुर्ता, आठ महिने: कापडाला नऊ गुण, टिचबटणाला शून्य

कपाटातून कुर्ता काढला तर गळपट्टीवर वरपासून खालपर्यंत पाच हिरवट वर्तुळं, आणि मधल्या टिचबटणाभोवती गंजाची तांबूस कड. गोव्यातली वाळूवरची चार लग्नं आणि अर्धा पावसाळा, एवढंच याचं वय. 60 लीचं (ली म्हणजे धाग्याच्या बारीकपणाचं माप) लिनन, मोतिया रंग, गुडघ्यापर्यंत लांबी, 2,850 रुपये. नोव्हेंबरात घेतला तेव्हा विचारेल त्याला 'हाच घ्या' सांगत होतो. आता जुलैत सांगतोय: हाच घ्या, पण आधी बटणं उपटा.

ही बटणं दिसायला पितळी. आत जस्ताचा मिश्रधातू, वर पातळ मुलामा, आणि पकड घट्ट राहावी म्हणून बारीक पोलादी तार. खाऱ्या हवेतलं मीठ आणि गळ्याचा घाम मुलाम्याच्या सूक्ष्म भोकांतून आत शिरतात. तांब्याचा अंश हिरवा पडतो, तार गंजते. गोव्याहून बेळगावकडे परतताना चोर्ल्याचा घाट चढून जांबोटीत आलं की हवा थंड होते, कुर्ता हाताला कोरडा लागतो, आणि माणूस तसाच घडी घालून ठेवतो. घाम वाळतो, मीठ कापडातच राहतं. जूनमध्ये तेच मीठ हवेतली ओल ओढून घेतं. त्याच रात्री अर्धी बादली साध्या पाण्यात दोनदा बुचकळला असता तर निम्मं नुकसान टळलं असतं, हे कबूल. तरी दोष बटणालाच, कारण त्याच मिठात लिननला काही झालं नाही.

हिरव्या डागाला पांढरा व्हिनेगर दहा मिनिटं, मग भरपूर पाणी. गंजाला लिंबू-मीठ चोळून तासभर ऊन. आता पावसात ऊन कुठलं, म्हणून दोनऐवजी चार वेळा करावं लागलं. ब्लीच अजिबात नको, त्यानं गंजाचा डाग आणखी पक्का होतो. रंगीत कापड असेल तर आधी आतल्या दाबावर करून बघा, लिंबू रंगही उतरवतं.

टिचबटण काढणं हे वेगळंच प्रकरण. त्याचे दात कापड भोसकून बसवलेले असतात. काढलं की भोक उरतं, आणि लिननचा धागा ताणला जात नसल्यामुळे ते मिटत नाही. मागून त्याच रंगाच्या कापडाची दीड इंची पट्टी लावायची, मग काज. बटण नारळाच्या करवंटीचं, अर्ध्या इंचाचं. करवंटी जाड असते, तेव्हा काजाची लांबी बटणाचा व्यास अधिक जाडी एवढी हवी, नाहीतर पहिल्याच वेळी काजाचे धागे सुटतात. गडद बटणं रात्रभर ओल्या पांढऱ्या चिंधीत गुंडाळून रंग सोडतात का तेही बघायचं. शिंप्यानं पट्टीसकट पाच काजबटणांचे 180 रुपये घेतले. कारखान्यात सुरुवातीलाच लावली असती तर याच्या पावपटही लागले नसते!

बाकी कुर्त्याबद्दल मत मधेच बदललं. पहिल्या लग्नात सुरकुत्यांचा राग आला होता. गाडीचा पट्टा छातीवर तिरका उमटला होता. मग कुर्ता हँगरवर नेऊन मुक्कामी घालायला लागलो. दमट हवेत बारीक चुण्या आपोआप सैल पडतात, आणि उरतात त्या लिननला शोभतात. खळ मात्र नको. खळीचं कापड घाम शोषत नाही, ओलं झालं की वाळू धरून ठेवतं. इस्त्री अर्धवट ओल्यावरच.

रंगाचंही तेच. मला शुभ्र पांढरा हवा होता, संपला म्हणून मोतिया घेतला. बरंच झालं. डिसेंबरात सहा-सव्वासहाला मावळतीचा सूर्य पाठीमागून आला की पांढऱ्या पातळ लिननमधून बनियन छापल्यासारखं दिसतं. शिवाय ख्रिस्ती लग्नात पांढरा मान नवरीचा. पाहुण्या बाईनं तर तो टाळावाच. आकाशी घेऊ नका, बगलेतला घाम लांबून दिसतो.

बेळगावच्या खडेबाजारात कापड घेऊन शिवणार असाल तर 58 इंच पन्ह्याचं अडीच मीटर पुरतं. रात्रभर भिजवून, वाळवून मगच कात्रीखाली द्या. नाहीतर पहिल्या धुण्यात लांबी इंच-दीड इंच जाते. साइडकट 9 इंचांपेक्षा मोठा नको, समुद्राचा वारा कुर्त्याचं शीड करतो. पायजमा घोट्याच्या दोन बोटं वर. चुडीदारच्या चुण्यांत ओली वाळू भरते ती घरी येईपर्यंत निघत नाही.

पायात काय? अथणीची कोल्हापुरी गाडीतून मांडवापर्यंत, पुढं पिशवीत. कातडं वनस्पतींच्या सालीत कमावलेलं. खारं पाणी प्यायलं की वाळताना ताठरतं, मग भेगा जातात. वाळूत अनवाणीच बरं.

घरच्या बायकांचा कल इरकलकडे असतो आणि तो योग्यच आहे: अंग सुती, रेशमी पदराला वजन. पदराला खांद्यावर दोन आणि कमरेशी एक पिन, तीही न गंजणाऱ्या स्टीलची. फॉलचे टाके लांब असले तर आत वाळू साठते आणि निऱ्या खाली ओढल्या जातात, तेव्हा टाके जवळजवळ घालून घ्या. मुलाम्याच्या जरीला समुद्र मानवत नाही, काळी पडते. आणि ब्लाउजचे हुक! तोच रोग. लोखंडी हुक काढून पाठीला नाडी-गोंडे लावा.

दुकानात वर्तुळं दाखवली तर 'धातूच्या वस्तूला बदली नाही' असं उत्तर मिळालं. पावतीवर तसं कुठंही छापलेलं नाही. मी कुर्ता बदलून मागत नव्हतोच, शिंप्याचे 180 मागत होतो. ते अजून आलेले नाहीत.