पात्यांना पाणी देण्याची इलेक्ट्रिक भट्टी: एक पावसाळा काढल्यानंतर

थर्मोकपलपासून (भट्टीतलं तापमान मोजणारी तारांची जोडी) कंट्रोलरपर्यंत (तापमान दाखवून भट्टी चालू-बंद करणारी पेटी) जाणारी दोन मीटर वायर. ३८,००० रुपयांच्या भट्टीत तिथे साधी तांब्याची वायर घातली होती, आणि मला जे काही लिहायचं आहे ते त्या वायरीबद्दलच.

मी आधी कोळशावर काम करायचो. पाणी द्यायचं म्हणजे पोलाद तापवून झटकन थंड करून कडक करायचं. तापताना चुंबक ७७० अंशांना पोलादावरून सुटतो, आणि मी वापरतो त्या १०८४ जातीच्या पोलादाला ८१५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. मधला अंदाज लाली बघून. तो अंदाज नको म्हणून ही भट्टी घेतली. सुरुवातीचे महिने मी खूश होतो. ८१५ ला दहा मिनिटं, कोमट शेंगदाणा तेलात बुडवणं, मग २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा टेंपरिंग (ठिसूळपणा घालवायला पुन्हा हलकं तापवणं). तेलातून काढलेलं पातं इतकं कडक की कानस त्यावर नुसती घसरायची.

३१ जुलैला मासेमारीबंदी संपली, सुऱ्यांच्या ऑर्डरी वाढल्या आणि एका दिवसात चार-पाच पाती व्हायला लागली. तिथून तक्रारी सुरू झाल्या. म्हापशाच्या बाजारात बसणाऱ्या एका मावशींनी इसवण मासा कापायची सुरी परत आणली, धारेचा टवका उडालेला. पहिला संशय पोलादाच्या पट्टीवर गेला. पण त्याच पट्टीतलं दिवसातलं पहिलं पातं कधीच परत येत नव्हतं! मग पहिलं आणि शेवटचं पातं शिकंज्यात धरून मोडलं. पहिल्याचा तुटलेला भाग राखाडी, बारीक. शेवटच्यात साखरेसारखे चकाकणारे दाणे. म्हणजे पोलाद जास्त तापलं होतं, आणि कंट्रोलर मात्र ८१५ च दाखवत होता.

कारण साधं आहे. थर्मोकपल जिथे वायरीला जोडलंय ती डबी भट्टीच्या पाठीला चिकटलेली. भट्टी तासन् तास चालली की डबी तापते. कंट्रोलर भिंतीवर, थंड. मध्ये तांबं असलं की या दोन टोकांच्या तापमानातला फरक मोजलाच जात नाही, आकडा तेवढा कमी दिसतो आणि भट्टी तेवढी जास्त तापत राहते.

खात्री मिठाने केली. शुद्ध मीठ ८०१ अंशांना वितळतं. (आगरवाड्याचं जाडं मीठ यासाठी नको, त्यात इतर क्षार असतात, पाकिटातलं बारीक घ्या.) सकाळी आकडा ७९० च्या आसपास असताना वितळलं, दुपारी ७५० लाच.

सर्व्हिसवाल्यांचं उत्तर: 'तुमच्याकडची हवा दमट आहे.' घाटावरून माणूस आला, थर्मोकपल बदलला, बिल लावलं, वायरीला हातही लावला नाही. शेवटी फोंड्याहून के-टाईप एक्स्टेंशन केबल (थर्मोकपलच्याच जातीच्या धातूंची वायर) मीच आणली, तीनशे रुपयांच्या आत. प्लस-मायनस नीट बघा. दोन्ही टोकांना उलटी जोडली तर चूक दुप्पट होते. तुमच्या भट्टीत कोणती वायर आहे ते कळायला चुंबक लावा. के-टाईपची मायनस तार चिकटते, तांबं चिकटत नाही.

केबल बदलल्यापासून मीठ सकाळ-दुपार एकाच आकड्याला वितळतं, आणि दिवसातलं पाचवं पातंही पहिल्यासारखंच उतरतं. म्हणून दोन तारे द्यायचे ठरवले होते ते साडेतीन करतोय. कॉइल आणि दार पावसाळ्यातही ठीक राहिलं; विटा ओल धरतात, आधी तासभर २०० वर ठेवावं लागतं. संध्याकाळी व्होल्टेज १९५ वर आलं की भट्टी रखडते, पण तो दोष तिचा नाही.

व्हिजिटचं बिल मी भरलेलं नाही. केबलचे पैसे आणि परत आलेल्या सुऱ्यांची किंमत लेखी मागितली आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन.