पिग्मीचं मशीन आणताना : कॉटर की अडकार?

बेळगावच्या एका पतसंस्थेच्या सचिवांचा प्रश्न आहे. पिग्मीची, म्हणजे एजंट रोज फिरून गोळा करतात त्या बचतीची, पावतीपुस्तकं बंद करून एजंटांच्या हाती नोंदीचं मशीन द्यायचंय. संस्थेत बदल राबवण्याच्या दोन पद्धती आहेत: जॉन कॉटर यांच्या आठ पायऱ्या धराव्यात की जेफ हायट यांचं ‘अडकार’ (ADKAR, पाच टप्प्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचं नाव)?

फरक सुरुवातीलाच दिसतो. कॉटर (1996 चं पुस्तक) वरून, म्हणजे नेतृत्वापासून निघतात: निकड पटवा, वजनदार माणसांची फळी बांधा, दिशा ठरवा, छोटं यश लवकर दाखवा. संचालकांत दोन गट असतील (कुठे नसतात?) तर आधी हेच. अडकार एकेका माणसाला विचारतं: बदल कशासाठी हे कळलं? इच्छा आहे? माहिती आहे? जमतंय? आणि टिकेल ना?

खर्च दोन्हीकडे मुख्यतः वेळेचाच. मेहनत मात्र अडकारला जास्त. समजा, गणपत गल्लीत फिरणारे एजंट काका मशीन पिशवीत ठेवतात आणि वहीतच टिपतात. पुन्हा प्रशिक्षण देऊन उपयोग नाही, बटणं त्यांना येतात. हिशेब चुकला तर पैसे आपल्या कमिशनमधून कापतील, ही धास्ती आहे. म्हणजे गाडी अडलीय इच्छेपाशी. अडथळे दूर करा, असं कॉटरही सांगतात. पण कोणाचं कुठे अडलंय ते अडकार नेमकं दाखवतं.

शाखा बऱ्याच आणि मंडळात एकमत नाही, तर कॉटर. ठराव झालाय, एजंट मोजके आहेत, तर अडकार. तुमचा ठराव झालाय म्हणता. मग एकेका एजंटाशी वेगळं बोला आणि हिशेब चुकला तर भरपाई कशी, हा नियम मशीन वाटण्याआधी लेखी द्या, मराठीत आणि कन्नडमध्येही.