अण्णांचं अ‍ॅडमिशन: अँटिबायोटिक मोजून-मापून देणाऱ्या हॉस्पिटलचा अनुभव

सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावात आमचं मेडिकलचं दुकान आहे. मी स्वतः फार्मासिस्ट, काउंटरवर मीच बसते. त्यामुळे हॉस्पिटलचं बिल हातात आलं की मी आधी औषधांचं पान उघडते, बेडचार्ज नंतर. सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या आजारपणात ट्रस्टच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आमचा मुक्काम पडला. तिथे अँटिबायोटिक सुरू करताना जितका विचार होतो, तितकाच ते बदलताना आणि थांबवतानाही होतो. हे मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं, म्हणून सविस्तर लिहितेय. हॉस्पिटलचं नाव देत नाही, कारण अण्णांच्या तब्येतीचे सगळे बारकावे इथे आले आहेत आणि आमचं गाव लहान आहे.

अण्णा पंचाहत्तरीच्या घरात, साखर जुनी. थंडी वाजून ताप, डाव्या कुशीत दुखणं, आणि संध्याकाळपर्यंत असंबद्ध बोलायला लागले. कॅज्युअल्टीत पोहोचलो तेव्हा बीपी खाली गेलेलं. तिथल्या सिस्टरने पहिल्यांदा काय केलं, तर कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीच्या बाटल्या काढल्या. बाटलीचं रबर स्पिरिटने पुसलं, दोन्ही हातांतून वेगवेगळं रक्त घेतलं, प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिली, आणि लेबलवर वेळ आणि कोणता हात तेही लिहिलं. लघवीचा नमुनाही घेतला. हे सगळं काही मिनिटांत, आणि लगेच मेरोपेनेम या भारीतल्या अँटिबायोटिकचा पहिला डोस. रक्त आधी, इंजेक्शन नंतर, हा क्रम फार महत्त्वाचा. एक डोस आत गेला की रक्तातला जंतू प्रयोगशाळेत उगवेलच याची खात्री राहत नाही, आणि मग पुढचे सगळे दिवस अंदाजावर काढावे लागतात.

मेरोपेनेम हे काही साधंसुधं औषध नव्हे. पण बीपी घसरलेल्या, साखर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला पहिल्या तासात ते देणं योग्यच होतं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं, "ताई, आत्ता थांबायला वेळ नाही म्हणून मोठं औषध लावतोय. रिपोर्ट आला की परत बघू." असं सगळीकडेच म्हणतात. इथे खरंच परत बघितलं.

त्यांच्या औषधांच्या चार्टवर प्रत्येक अँटिबायोटिकसमोर दोन रकाने आहेत: कशासाठी दिलं, आणि पुन्हा कधी तपासायचं. अण्णांच्या चार्टवर पहिल्यात 'मूत्रपिंडाचा संसर्ग, बीपी कमी' अशा अर्थाची नोंद होती आणि दुसऱ्यात ४८ तासांनंतरची तारीख-वेळ. ती वेळ झाली की एक टीम वॉर्डात येते. त्यात फिजिशियन असतात, मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम, फार्म.डी. (औषधशास्त्रातली पदवी) झालेली एक तरुण मुलगी आणि इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर. मायक्रोबायोलॉजीचे डॉक्टर पेशंटच्या खाटेशी उभे राहून बोलताना मी तरी पूर्वी पाहिले नव्हते. त्यांची सही रिपोर्टच्या तळाशी असते, एवढीच आपली ओळख.

रक्तात आणि लघवीत एकच जंतू निघाला, ई. कोलाय. आपल्याकडे हॉस्पिटलात सापडणारे बहुतेक ई. कोलाय सेफ्ट्रियाक्झोन या त्यामानाने हलक्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. अण्णांचा देत होता. मॅडमनी रिपोर्ट दाखवला आणि मेरोपेनेम बंद करून सेफ्ट्रियाक्झोन लिहिलं.

आमचे भाऊजी तिथेच बिथरले. "भारीतल्या औषधाने उतार पडलाय, तर आता हलकं कशाला?" त्यांची चूक नाही, काउंटरवर रोज दहा जण मला हेच विचारतात. मॅडम स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, अण्णांच्या रक्तातल्या जंतूला दोन्ही औषधं मारतात. पण मेरोपेनेम त्यासोबत पोटातले कितीतरी जास्त जंतू मारतं, आणि जे उरतात ते त्याला न जुमानणारे असतात. उद्या अण्णांना पुन्हा संसर्ग झाला तर तेच वर येतील, आणि मग कॉलिस्टिनसारखं औषध काढावं लागेल, ज्याने किडनीला इजा होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली अँटिबायोटिकचे तीन गट पाडले: सहज वापरायची, जपून वापरायची आणि राखीव. मेरोपेनेम आणि सेफ्ट्रियाक्झोन दोन्ही जपून वापरायच्या गटात आहेत, कॉलिस्टिन राखीव. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पण तुम्ही रोज बघणार ना?" मॅडम हो म्हणाल्या, आणि त्या खरंच रोज आल्या. मेरोपेनेम दर आठ तासांनी होतं, सेफ्ट्रियाक्झोन दिवसातून एकदाच. रात्री दहाला आणि पहाटे सहाला अण्णांना उठवणं संपलं, तसे ते झोपू लागले.

मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट पुढची. एका रात्री पुन्हा ताप आला, शंभरच्या थोडा वर. रात्रपाळीचे डॉक्टर तरुण होते आणि आम्ही नातेवाईक घाबरून त्यांच्यामागे लागलो होतो. बऱ्याच ठिकाणी अशा वेळी आणखी एक अँटिबायोटिक चढतं आणि मग ते कोणी उतरवत नाही. या डॉक्टरांनी मॅडमना फोन लावला, मग बॅटरी घेऊन अण्णांना डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. छाती, पोट, पाठ, टाचा. सलाईनच्या सुईची पट्टी सोडली तर खाली शीर लाल आणि दोरीसारखी कडक झालेली. सुई काढली, दुसऱ्या हाताला लावली, जुन्या जागी शेक दिला. दुसऱ्या दिवशी ताप नव्हता. कॅज्युअल्टीत घातलेली लघवीची नळीही बीपी सुधारताच काढली होती. नळी जितके दिवस राहते तितकी नव्या संसर्गाला वाट मिळते, हे इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरनी सासूबाईंना समजावून सांगितलं होतं, अगदी घरच्यासारखं.

मग तोंडावाटे औषध. रिपोर्टप्रमाणे को-ट्रायमॉक्साझोल चालणार होतं. ही गोळी माझ्या दुकानात मागच्या फळीवर असते, स्वस्त आणि जुनी, कंपन्यांचे प्रतिनिधी तिचं नावही काढत नाहीत. फार्म.डी.च्या मुलीने लिहून देण्याआधी अण्णांची रोजची औषधं विचारली. बीपीसाठी टेल्मिसार्टन होतं. ही दोन एकत्र घेतली तर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून तिने क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि पोटॅशियम तपासायला लावलं आणि गोळी सुरू झाल्यावर पुन्हा एकदा. औषध कमी करण्याला किती राबावं लागतं ते इथे दिसलं. मेरोपेनेम ओढत राहिले असते तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

सगळं धरून सात दिवसांचा कोर्स दिला. रक्तात जंतू म्हणजे चौदा दिवस, असंच मी शिकले होते. टीममधल्या फिजिशियन सरांनी सांगितलं की २०२४ मध्ये यावर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला: सात देशांतली ७४ हॉस्पिटलं, ३,६०८ रुग्ण. निम्म्यांना सात दिवस औषध, निम्म्यांना चौदा. नव्वद दिवसांत सात दिवसवाल्यांपैकी १४.५ टक्के दगावले, चौदावाल्यांपैकी १६.१ टक्के. म्हणजे कमी दिवस देऊन नुकसान झालं नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूचे आणि हृदयाच्या झडपेला संसर्ग झालेले रुग्ण त्यात घेतले नव्हते, तेव्हा हा नियम सगळ्यांना लावता येत नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. कोणी मनाने गोळ्या बंद कराव्यात असा याचा अर्थ कृपा करून काढू नका. किती दिवस, ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण ठरवायला तर हवं!

दोन वर्षांपूर्वी सासूबाई एका वेगळ्या हॉस्पिटलात न्यूमोनियासाठी होत्या. तिथे कल्चर पाठवलंच नाही. मेरोपेनेम आणि लिनेझोलिड ही दोन अँटिबायोटिक पहिल्या दिवसापासून, आणि दोन्ही डिस्चार्जपर्यंत. का चालू आहे विचारलं तर "कव्हर", म्हणजे कुठलाही जंतू असला तरी चालावं म्हणून, एवढंच उत्तर. जुलाबांनी त्या इतक्या खचल्या की न्यूमोनियापेक्षा त्यातून सावरायलाच जास्त वेळ लागला. अशा इंजेक्शनांची छापील किंमत आणि खरेदीची किंमत यांत किती अंतर असू शकतं हे मला धंद्यामुळे माहीत आहे, म्हणून ते बिल बघून मनस्ताप जास्तच झाला.

माझ्या दुकानात शेड्यूल एच-१ चं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या काही औषधांच्या सरकारी यादीचं रजिस्टर आहे. २०१४ पासून कायद्याने बंधनकारक आहे: डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि वही तीन वर्षं जपायची. स्ट्रिपवरची लाल उभी रेघ गिऱ्हाइकांना दाखवून चिठ्ठीशिवाय नाही म्हणताना रोज वाईटपणा येतो. हॉस्पिटलच्या आतही कोणीतरी असं नाही म्हणतंय हे बघून मला बळ आलं, हे मनापासून सांगते.

आता उणं. रविवारी त्यांच्या प्रयोगशाळेत माणसं कमी असतात. शनिवारी आलेल्या आमच्या शेजारच्या खाटेवरच्या मुलाचा रिपोर्ट त्यामुळे रखडला आणि मोठं इंजेक्शन विनाकारण लांबलं. जिथे ४८ तासांचा एवढा आग्रह आहे तिथे हे खटकतं. अँटिबायोटिकबद्दलचं माहितीपत्रक फक्त इंग्रजीत आहे, वॉर्डातल्या बहुतेक नातेवाइकांना त्याचा काडीचा उपयोग नाही. मी मॅडमना मराठी मजकूर लिहून देते म्हटलंय. आणि टीमची फेरी नक्की कधी ते आधी कळत नाही, त्यामुळे जेवायला गेलेल्यांची ती हुकते.

डिस्चार्जनंतर पाहुण्यांच्या सल्ल्याने अण्णांची लघवी गावातल्या लॅबमध्ये पुन्हा कल्चरला दिली गेली. पुन्हा जंतू निघाला. ताप नाही, जळजळ नाही, अण्णा पारावर जाऊन बसणारे. रिपोर्ट घेऊन फॉलोअपला गेलो. सरांनी पोट आणि कूस तपासली, लघवीची तक्रार विचारली आणि काहीही लिहून दिलं नाही. या वयात, त्यातून साखर असली की त्रास नसतानाही लघवीत जंतू सापडतात, आणि त्यांना औषध देऊन फायदा होत नाही. ताप, थंडी किंवा बडबड सुरू झाली तर त्याच दिवशी या, असं कार्डावर लिहून सही केली. फी घेतली ती फक्त तपासणीची.

तिथे जाणार असाल तर आधी घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा आणि जुने कल्चर रिपोर्ट पिशवीत घालून न्या. फार्म.डी.ची मुलगी पहिल्यांदा तेच मागते.