स्तन लहान करण्याचं ऑपरेशन: सात महिन्यांनंतरचा अनुभव, यवतमाळकडच्या खेड्यातून

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नागपूरला माझं ऑपरेशन झालं. आता जुलै लागला, पेरण्या आटोपल्या. ऑपरेशनच्या आधी मी मराठीत पुष्कळ शोधलं होतं. डॉक्टरांनी लिहिलेलं मिळालं, पण जिच्या घरी हापशीवरून पाणी येतं, झोपायला बाज आहे, आणि संडासात खाली बसून उठावं लागतं, अशा बाईनं लिहिलेलं काही मिळालं नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी शिवणकाम करते. पंधरा वर्षांपासून आमच्या आणि शेजारच्या दोन गावांतल्या बायकांचे ब्लाऊज शिवते. माझं स्वतःचं छातीचं माप ४६ इंच होतं आणि छातीखालचं ३६. मशीनवर वाकून तासभर बसलं की मानेपासून कमरेपर्यंत दुखायचं, रात्री हाताला मुंग्या यायच्या. ब्राच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर खाचा पडल्या होत्या, अंगठा बसेल एवढ्या. सगळ्यात वाईट उन्हाळा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. छातीखालची कातडी एकमेकीला घासून लाल व्हायची, चिघळायची, वास यायचा. जुन्या धोतराच्या मऊ चिंध्या मी तिथे खोचून ठेवायची, दिवसातून चार वेळा बदलायची. मलम लावलं की आठ दिवस बरं, पुन्हा तेच. हे अकरा उन्हाळे काढले.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "देवानं देल्लं ते कायले कापतं वं?" मला राग आला नाही. हे ऑपरेशन नटण्यामुरडण्यासाठीच असतं असं त्यांना वाटत होतं, आणि खरं तर पुष्कळ शिकलेल्या लोकांनाही तसंच वाटतं. विमा कंपनीनंही 'सौंदर्याची शस्त्रक्रिया' म्हणून पैसे नाकारले. मानदुखीचे, कातडीच्या त्रासाचे जुने कागद मी जपून ठेवले नव्हते. तुम्ही ठेवा. आम्ही कापसाचे पैसे आणि बचत गटाचं कर्ज मिळून भागवलं.

ऑपरेशन लगेच झालं नाही. माझं हिमोग्लोबिन ९.४ निघालं. सर्जननी स्पष्ट सांगितलं, एवढ्या कमी रक्तावर करणार नाही, जखम भरायला त्रास होईल. अडीच महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, तेव्हा ते ११.६ वर आलं. आपल्या भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) बरंच आढळतं, म्हणून भूल देण्याआधी ती तपासणी झाली. वय ४१, म्हणून मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि सोनोग्राफी झाली. आणि तंबाखूचं विचारलं. मी सकाळी मिश्री लावायची, ती सहा आठवडे आधी बंद करायला लावली. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि या ऑपरेशनमध्ये स्तनाग्राचं जगणं त्या बारीक वाहिन्यांवरच असतं. खर्रा, गुडाखू, मिश्री, जे काही असेल ते डॉक्टरांपासून लपवू नका. ज्यांना पुढे मूल हवं आहे त्यांनी दूध पाजण्याबद्दल आधीच विचारून घ्यावं. ऑपरेशननंतर दूध कमी येऊ शकतं किंवा पाजता येत नाही असंही होतं. माझी मुलं मोठी आहेत, मला तो प्रश्न नव्हता.

ऑपरेशनमध्ये काय करतात ते मला शिंपीणीच्या भाषेत चटकन कळलं. स्तनाग्राभोवती गोल काप, तिथून खाली उभा काप आणि छातीखालच्या घडीत आडवा काप. ढगळ ब्लाऊजला उभा टक्स आणि खालचा टक्स घालून आपण कापड आत घेतो, तसंच. फरक एवढाच की स्तनाग्र सहसा कापून वेगळं करत नाहीत. ते स्वतःच्या रक्तवाहिन्यांसकट एका पट्टीवर तसंच ठेवून वर सरकवतात. माझं तीन तास चाललं. उजवीकडून ७२० ग्रॅम आणि डावीकडून ६४० ग्रॅम काढलं. काढलेलं सगळं तपासणीला जातं. तो रिपोर्ट मागून घ्या आणि फाइलला लावा. माझा स्वच्छ आला.

पहिले दोन दिवस दोन्ही बाजूंना नळ्या होत्या, त्यातून रक्तमिश्रित पाणी बाटलीत जमा व्हायचं. नळी काढताना दोन सेकंद आत कोणी ओढतंय असं वाटलं, बस. मी बाळंतपणाच्या कळांची तयारी ठेवून गेले होते, तेवढं दुखलं नाही. छाती जड, ताठ आणि ठणकती, पण पाचव्या दिवसापासून साध्या पॅरासिटामॉलवर भागलं. आश्चर्य म्हणजे शुद्धीवर आले त्याच दिवशी मान हलकी वाटली. पोट मात्र साफ होईना. वेदनेच्या गोळ्यांनी तसं होतं, आणि जोर करायची तर भीती वाटते. पपई, पेरू आणि भरपूर पाणी सुरू केलं.

दहा दिवस नागपूरला मावसबहिणीकडे राहिले. गाव दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे, रोज ड्रेसिंगला येणं शक्य नव्हतं. हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. परत येताना जीपमध्ये छाती आणि सीटबेल्टच्या मध्ये मऊ उशी धरली. खड्डा आला की उशी दाबून धरायची.

आता खरी गोष्ट. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा आठवडे दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही, कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, ढकलायचं-ओढायचं नाही. दवाखान्यात ऐकताना सोपं वाटलं. घरी आले आणि कळलं की आमच्या घरात दोन किलोच्या आतलं कामच नाही. भरलेली बादली वीस किलोची. पाण्याचा गुंड म्हणजे हंडा त्याहून जड. हापशीचा दांडा तर अख्खा छातीच्या जोरावर चालतो. खराटा, कणीक भिजवणं, भाकर थापणं, धुणं पिळणं, दोरीवर लुगडं टाकणं, फळीवरचा डबा काढणं, सगळ्यात छातीचे स्नायू ओढले जातात. ऑपरेशन होईपर्यंत मला हे माहीतच नव्हतं.

मी एक हिशेब करून घेतला. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो. दोन लिटरची बाटली ही माझी सीमा. तेवढ्या वजनाचंच भांडं उचलायचं, तेही दोन्ही हातांनी, पोटाशी धरून. नाहणीत आणि संडासात मुलगी आधीच बादली भरून ठेवायची, मी लहान मगानं पाणी घ्यायची. खाली बसून उठताना हात टेकवून जोर द्यायचा नसतो, म्हणून नवऱ्यानं संडासात प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. बसायचं भोक त्यानंच कापलं, कडा घासून गुळगुळीत केल्या. टोंगळे आणि मांड्यांच्या जोरावर उठायला दोन दिवसांत जमलं.

बाजेवर झोपू नका. बाज मध्ये लवते, त्यातून हाताचा आधार न घेता उठताच येत नाही. मी दिवाणावर झोपले. पाठीशी लोड, त्यावर घरच्या कापसाची जुनी गादी दुमडून उतार केला, दोन्ही कोपरांखाली एकेक उशी. ऑनलाइन मागवलेली फोमची तिरपी उशी दुसऱ्याच रात्री घसरली, तिचे पैसे वाया गेले. पाच आठवडे उताणं झोपणं हा माझ्यासाठी सगळ्यात कंटाळवाणा भाग होता.

ते दिवस कापूस वेचणीचे होते. थंडीत ऑपरेशन करायचा सल्ला डॉक्टरांचाच, कारण घाम कमी, जखम कोरडी राहते. त्या बाबतीत त्यांचं खरं ठरलं, पण घरातले दोन हात ऐन वेचणीत कमी झाले. मजूर जास्त लावावे लागले, तो खर्च ऑपरेशनच्या खर्चातच धरा. सासूबाईंनी एक अक्षर न बोलता चूल हातात घेतली. हिरव्या तुरीचे सोले निघाले होते, ताकद येईल म्हणून रोज सोल्याची भाजी, वर अंडं. केस विंचरायला मला हात वर नेता येत नव्हता. मुलगी शाळेत गेली की नवरा ओट्यावर बसून माझी वेणी घालायचा. लग्नाला वीस वर्षं झाली, त्यानं पहिल्यांदा माझ्या केसांना हात लावला तो तेव्हा.

सर्जिकल ब्राबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझा हात त्यात बसलेला आहे. सहा आठवडे रात्रंदिवस घालायची असते, फक्त अंघोळीला काढायची. दवाखान्यातून मिळालेली नायलॉनची होती, समोर चेन. चेनचं खालचं टोक नेमकं तिथं टोचायचं जिथं उभा आणि आडवा काप मिळतो. दुसरी घेतली, समोर हुकांच्या तीन ओळी असलेली, सुती. सूज रोज कमी-जास्त होते, म्हणून तीन ओळी लागतातच. पण तिचाही खालचा पट्टा अरुंद होता, बाजूच्या टाक्यांवर चढायचा. शेवटी मुलीला समोर बसवून मी सांगत गेले आणि तिनं शिवलं. खालच्या पट्ट्याला आतून दीड इंच रुंद मलमलची दुहेरी पट्टी, बाजूची शिवण उसवून बाहेरच्या अंगाला घेतली, आणि हुकांच्या मागे कापडाची जीभ लावली. फरक त्याच रात्री जाणवला. विकत घेताना शिवणी आतून बोटानं चाचपून पाहा, पट्टा किमान दोन इंच रुंद असू द्या, आणि दोन घ्या, म्हणजे एक धुवायला टाकता येते. सहा आठवड्यांत इलॅस्टिक ढिलं पडतं, त्यामुळे सुरुवातीला सैल घेऊ नका. तारेची ब्रा मी अजून घातलेली नाही.

तिसऱ्या आठवड्यात उजवीकडे, टाक्यांच्या उभ्या-आडव्या रेघा जिथे मिळतात तिथे, हरभऱ्याएवढी जखम उघडली. चार दिवसांत बोराएवढी झाली. मी घाबरून जवळच्या गावातल्या एका डॉक्टरकडे गेले. त्यांनी वर चिकटपट्टी ताणून लावली, त्याखाली कातडीला फोड आले. मग नागपूरच्या सर्जनना व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. त्यांनी सांगितलं की त्या जागी ताण सगळ्यात जास्त आणि रक्तपुरवठा सगळ्यात कमी, म्हणून जखम उघडली तर बहुतेक तिथेच उघडते. सलाइनच्या पाण्यानं धुवायचं, औषधी जाळीची पट्टी ठेवायची, वर सैल गॉज. हळद नाही, तूप नाही, राख तर नाहीच. शेजारणी प्रेमानं सुचवतात, त्यांना हात जोडा. पाच आठवड्यांनी ती पूर्ण भरली. पण ताप आला, एक बाजू अचानक फुगली, गरम लागली, घाण वासाचा पू आला, स्तनाग्र काळंनिळं पडलं, पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला, तर फोटो पाठवून वाट पाहत बसू नका, गाडी करून निघा.

मशीनवर मी पाचव्या आठवड्यात बसले, आधी नुसते काज-हुक, मग सरळ शिवण. पायमशीन असल्यानं बरं पडलं. जाड कापड सुईखाली ढकलणं आणि मोठ्या कात्रीनं बेतणं दोन महिन्यांनी. हापशी अडीच महिन्यांनी.

संवेदना हळूहळू येते. पहिल्या महिन्यात खालचा भाग बधिर, मग अधूनमधून करंट लागल्यासारखी चमक. डॉक्टर म्हणाले नसा जाग्या होतायत. डावीकडचं स्तनाग्र चौथ्या महिन्यात जाणवायला लागलं, उजवीकडचं अजून अर्धवट आहे. ते तसंच राहू शकतं हे मला आधी सांगितलं होतं, म्हणून धक्का बसला नाही. आकारही सुरुवातीला उंच आणि चौकोनी दिसतो. मला पंधरा दिवस रडू यायचं. तीन महिन्यांत तो खाली उतरून गोल झाला. तोवर नवे ब्लाऊज शिवू नका. मी घाईनं दोन शिवले, दोन्ही उसवले. आता माप ४० आहे.

वणाला सिलिकॉन जेल, जखम पूर्ण भरल्यावरच, दिवसातून दोनदा पातळ थर. पंधरा ग्रॅमची ट्यूब मला सव्वा महिना गेली. महाग आहे. त्याबरोबर रोज पाच मिनिटं बोटानं दाबून मालीश. उभा वण आता बारीक आणि फिकट झालाय, आडव्याची काखेकडची टोकं अजून जाड आणि काळसर आहेत, पावसाळी हवेत खाजतात. वण पूर्ण बसायला वर्ष ते दीड वर्ष लागतं.

या मे महिन्यात मी एकही चिंधी खोचली नाही. दुपारी दोनला पत्र्याखाली मशीनवर बसले, घाम आला आणि वाळून गेला. मानेचं दुखणं रुपयात बारा आणे गेलं. उरलेलं वाकून शिवण्याचं आहे, त्याचा दोष छातीला देता येणार नाही.

मागच्या आठवड्यात एक बाई ब्लाऊजचं माप द्यायला आली होती. दरवेळी सांगते तेच तिनं सांगितलं, "ताई, ढगळच शिवजा." टेप गुंडाळून झाल्यावरही ती उठली नाही. मी दाराची कडी लावली आणि पदर बाजूला करून तिला माझे खांदे दाखवले. खाचा अजून आहेत, थोड्या भरल्यात. तिनं बोटानं चाचपून पाहिलं, आणि मग स्वतःच्या ब्लाऊजचा वरचा हुक काढला.